खो-खो संघाला रक्तदान शिबिर घ्यायचंय: तारीख, आकडा आणि खेळाडूंचं काम

प्रश्न विचारणारी मुलगी सोलापुरातल्या एका कॉलेजच्या खो-खो संघाची कर्णधार आहे. संघात मुलं-मुली मिळून २२ जण, त्यातले ६ ज्युनिअर कॉलेजचे. १२ जानेवारीला, सोलापूरच्या हुतात्मा दिनी, शिबिर घ्यायचं ठरतंय. सरांनी १०० बाटल्यांचं लक्ष्य दिलंय आणि संघातल्या प्रत्येकानं रक्त द्यायचंच, असंही सांगितलंय. महिनाअखेरीला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आहेत. तिचे प्रश्न दोन: १०० चा आकडा कसा गाठायचा, आणि रक्त दिल्यावर खेळावर परिणाम होतो का?

मी सोलापुरातच रक्तकेंद्रात वैद्यकीय समाजसेविका म्हणून काम करते. एकोणीस वर्षं झाली. शिबिरं ठरवणं, दात्यांशी बोलणं आणि मे महिन्यात त्याच दात्यांना फोन करून पुन्हा बोलावणं, हे माझं रोजचं काम. त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्यावर पहिल्याचं उत्तर अवलंबून आहे.

परिणाम होतो. कायमचा नाही, धोक्याचाही नाही, पण होतो. रक्त दिल्यावर त्यातला पाण्याचा भाग, म्हणजे प्लाझ्मा, एक-दोन दिवसांत भरून येतो. म्हणून दुसऱ्या दिवशी माणूस कॉलेजला जातो, कामावर जातो, त्याला काही जाणवत नाही. तांबड्या पेशी मात्र इतक्या लवकर भरत नाहीत, त्यांना महिना ते दोन महिने लागतात. स्नायूंपर्यंत ऑक्सिजन नेण्याचं काम याच पेशींचं. साध्या माणसाला ही थोडीशी घट कळतही नाही. पण नऊ मिनिटांच्या डावात पाठलाग करणाऱ्याला ती शेवटच्या दोन मिनिटांत कळते. १२ तारखेला रक्त देऊन महिनाअखेरीला स्पर्धेत उतरायचं म्हणजे मध्ये जेमतेम अडीच आठवडे. माझा सल्ला स्पष्ट आहे: ज्यांना त्या स्पर्धेत खेळायचंय त्यांनी त्या शिबिरात रक्त देऊ नये.

आता २२ जणांचाच हिशेब करून बघा. कायद्यानं रक्तदात्याचं वय १८ पूर्ण हवं, त्यामुळे ज्युनिअरची बहुतेक मुलं गेली. आई-वडिलांची परवानगी आणली तरी सतरा वर्षांच्या मुलाचं रक्त घेता येत नाही, हे त्यांना आधीच सांगा, नाहीतर बिचारी टेबलापाशी येऊन हिरमुसतात. वजन किमान ४५ किलो लागतं. ४५ ते ५५ किलोपर्यंत ३५० मिली घेतात, त्यापुढे ४५० मिली घेता येतं. खो-खोच्या मुली हलक्या असतात, दोन-तीन जणी इथेच थांबतील. हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली चालत नाही. रोज धावणाऱ्या आणि दर महिन्याला पाळी येणाऱ्या मुलींमध्ये ते ११-११.५ निघणं मी नेहमी पाहते. पाळी चालू असेल तर त्या दिवसांत घेत नाहीत. वर्षभरात टॅटू काढला असेल किंवा कान-नाक टोचलं असेल तरी थांबवतात.

आणि एक गोष्ट फक्त खेळाडूंच्या बाबतीत घडते. नियमात नाडीचे ठोके मिनिटाला ६० ते १०० सांगितलेत. चांगल्या तयारीच्या खेळाडूचे ठोके बसल्या जागी ५०-५५ असतात. ते दुखणं नाही, कसलेल्या हृदयाची खूण आहे, पण शिबिरातले डॉक्टर नियमाला धरून थांबवू शकतात. उलट, मैदानावरून थेट शिबिरात आलेल्या मुलाचे ११० भरतात आणि तोही थांबतो. दोन्ही वेळा निर्णय डॉक्टरांचा, तिथे कर्णधारानं वाद घालायचा नाही.

म्हणजे 'सगळ्यांनी द्यायचंच' हे मुळातच जमणारं नाही. पण मला त्याहून जास्त काळजी 'द्यायचंच' या शब्दाची वाटते. रक्तदानाआधी एक प्रश्नावली असते. कधी कावीळ झाली होती का, कुठलं औषध चालू आहे का, काही खाजगी गोष्टी. जमा झालेल्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, गुप्तरोग, मलेरिया अशी तपासणी होतेच. पण संसर्ग अगदी ताजा असेल तर काही दिवस किंवा आठवडे तो तपासणीत सापडत नाही, आणि त्या दिवसांत रुग्णाला वाचवतं ते दात्यानं दिलेलं खरं उत्तर. ज्याच्यामागे सर उभे आहेत, ज्याचं संघातलं स्थान पणाला लागलंय असं ज्याला वाटतंय, तो खरं सांगेलच असं नाही. पैसे घेऊन रक्त देणं आपल्याकडे १ जानेवारी १९९८ पासून बंद झालं. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानं ते घडलं. त्यामागेही हेच होतं: गरजेपोटी आलेला माणूस आजार लपवतो. दडपणाखाली आलेला विद्यार्थीही लपवतो. तुमच्या सरांचा हेतू चांगला आहे, यात मला शंका नाही. त्यांना हा परिच्छेद वाचायला द्या.

आता तारीख. १२ जानेवारीमागची भावना मला समजते. १९३१ साली याच दिवशी सोलापूरचे चार स्वातंत्र्यसैनिक, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा, येरवड्याच्या तुरुंगात फासावर गेले. सोलापूरच्या मुलांनी त्या दिवशी काही करावं, हे योग्यच आहे. पण तीच तारीख विवेकानंद जयंतीची, राष्ट्रीय युवा दिनाची आणि जिजाऊ जयंतीची. म्हणून त्या एका दिवशी शहरात आणि जिल्ह्यात शिबिरांची रीघ लागते. रक्तकेंद्रांच्या टीम तुटपुंज्या, त्या सकाळी एका ठिकाणी आणि दुपारी दुसऱ्या ठिकाणी धावतात. त्यातच गड्ड्याची यात्रा, म्हणजे ग्रामदैवत सिद्धेश्वरांची जत्रा, सुरू होत असते, नंदीध्वजांच्या, म्हणजे मानाच्या उंच काठ्यांच्या, मिरवणुकीसाठी रस्ते बंद होतात. तुमच्या शिबिराला टीम उशिरा पोचली की उपाशीपोटी बसलेली मुलं चक्कर येऊन पडायला लागतात.

पण हे सगळं जमवलंत, तरी त्या रक्ताचं पुढे काय होतं ते ऐका. तांबड्या पेशी पिशवीतल्या द्रावणानुसार ३५ किंवा ४२ दिवस टिकतात. प्लेटलेट तर फक्त ५ दिवस. म्हणजे १२ जानेवारीचं रक्त फार तर २३ फेब्रुवारीपर्यंत वापरता येतं. जानेवारीत आमची शीतपेटी भरलेली असते. रिकामी होते ती एप्रिल-मेमध्ये. कॉलेजं बंद, विद्यार्थी गावी, ऊन चाळिशीच्या वर, कुणी शिबिर ठेवायला तयार नसतं. आणि रुग्ण मात्र थांबत नाहीत. सोलापूरच्या दवाखान्यांत जिल्ह्यातलेच नाही, धाराशिवचे, कलबुर्गीचे, विजयपूरचे रुग्ण येतात. बाळंतपणात रक्तस्राव झालेली बाई येते, महामार्गावरचा अपघात येतो. थॅलेसेमिया या रक्ताच्या जन्मजात आजाराच्या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतंच, त्यांना सुट्टी नाही. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी अशाच एका सात वर्षांच्या मुलीची आई माझ्या टेबलासमोर चार तास बसून होती. मी वहीतले नंबर एकामागून एक लावत होते. शेवटी साडेसात वाजता एक यंत्रमाग कामगार कामाची पाळी संपवून आला आणि त्यानं रक्त दिलं. तपासण्या होऊन पिशवी हातात पडेपर्यंत रात्र झाली. त्या मुलीच्या आईनं जानेवारीतल्या शिबिरांचे फ्लेक्स पाहिले असतील. तिच्या उपयोगाचे ते नव्हते.

म्हणून मी सांगते, १२ जानेवारी सोडू नका, पण त्या दिवशी रक्त घेऊ नका, नावं घ्या. चार हुतात्म्यांना अभिवादन करून कॉलेजच्या फाटकात टेबल मांडा. नाव, फोन, रक्तगट माहीत असेल तर तो, आणि 'एप्रिल-मेमध्ये बोलावलं तर येईन' असा होकार, एवढंच लिहून घ्या. शिबिर उन्हाळ्यात घ्या. परीक्षांचं वेळापत्रक बघून, सरांना आणि रक्तकेंद्राला विचारून दिवस ठरवा. तेव्हा तुमचा स्पर्धांचा मोसम संपलेला असेल, म्हणजे ज्या खेळाडूंना मनापासून रक्त द्यायचंय तेही निर्धास्तपणे देऊ शकतील.

उन्हाळी शिबिराची वेळ सकाळी ७ ते १०, आणि जागा हॉलमध्ये. मैदानात मंडप घालू नका. आपल्याकडे मेमध्ये अकरा वाजता मंडपाखाली बसवत नाही, तिथे आडवं पडून रक्त देणं दूरची गोष्ट. हॉलला पंखे हवेत, विजेची पर्यायी सोय हवी, हात धुवायला पाणी हवं. पाणी आपल्या शहरात रोज येत नाही, त्यामुळे आदल्या दिवशी टाकी भरली आहे ना, हे एका खेळाडूनं स्वतः वर चढून बघायचं. हसू नका, पाण्याअभावी शिबिर दीड तास खोळंबलेलं मी पाहिलंय.

आकड्याबद्दल. नियमावलीत ढोबळ प्रमाण दिलंय: सुमारे ३ तासांत ५० ते ७० दाते किंवा ५ तासांत १०० ते १२० दाते. त्यासाठी एक डॉक्टर, ६ ते ८ खाटा सांभाळायला दोन परिचारिका, तीन तंत्रज्ञ, दोन समाजसेवक, दोन मदतनीस आणि गाडी लागते. तुमचं तीन तासांचं शिबिर म्हणजे ५०-६० पिशव्या, आणि त्या भरपूर झाल्या. माझा अनुभव असा की नाव दिलेल्यांपैकी निम्म्याहून थोडे जास्त येतात आणि त्यातल्याही काहींना तपासणीत थांबवावं लागतं. म्हणून ५० हव्या असतील तर ११०-१२० होकार हातात असू द्या. १०० चा हट्ट धरला की शेवटच्या तासात रस्त्यावरून माणसं ओढून आणायची वेळ येते, आणि ते रक्तही चांगलं नाही आणि ती माणसं पुन्हा फिरकतही नाहीत.

रक्तकेंद्र कोणतं घ्यायचं हे परिस्थितीवर अवलंबून आहे. सिव्हिलचं घ्या किंवा धर्मादाय संस्थेचं, परवाना असलेलं हवं. कॉलेजच्या पत्रावर प्राचार्यांची सही आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या सरांचा पाठिंबा असला तर पुढचे कागद सोपे होतात. भेटायला जाल तेव्हा तीन गोष्टी विचारा. तुम्हाला रक्ताची टंचाई कोणत्या आठवड्यात असते? आमच्या पिशव्यांपासून तांबड्या पेशी, प्लेटलेट, प्लाझ्मा वेगळे करणार का? (एका पिशवीतून तीन रुग्णांना मदत होते ती अशीच.) आणि दात्याच्या घरी कुणाला गरज पडली तर तुमच्याकडून नेमकं काय मिळतं? या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहून घ्या. एका शिबिरात आयोजकांनी उत्साहात माईकवरून सांगून टाकलं, 'कार्ड दाखवा, रक्त कधीही फुकट.' चार महिन्यांनी रात्री अकराला एक दाता वडिलांसाठी ते कार्ड घेऊन आला. त्या केंद्रात प्रक्रिया शुल्क भरावं लागत होतं आणि त्याच्या खिशात तेवढे पैसे नव्हते. तो भांडला, आणि त्याचं चुकलं नव्हतं. त्याला खोटं सांगण्यात आलं होतं. तुम्ही माईकवर जे बोलाल ते केंद्रानं लिहून दिलेलंच बोला.

मग खेळाडूंनी करायचं काय? माझ्या मते तुमच्याकडे जे आहे ते दुसऱ्या कुठल्याच आयोजकाकडे नसतं: वेळ पाळायची सवय, अंगातली ताकद आणि घरोघरची ओळख.

ओळखीपासून सुरू करते. तुमच्या संघातली निम्मी मुलं शहराच्या पूर्व भागातली असतील, घरी तेलुगू बोलणारी. काही कन्नड बोलणारी, काही उर्दू. फ्लेक्सवरच्या मराठी घोषणेपेक्षा अशोक चौकात राहणाऱ्या तुमच्या खेळाडूनं शेजारच्या काकांना त्यांच्या भाषेत सांगितलेले चार शब्द जास्त काम करतात. यंत्रमाग कामगारांना विचारायचं असेल तर कारखान्याच्या साप्ताहिक सुट्टीचा वार विचारून घ्या, आणि रात्रपाळी करून न झोपता आलेल्याला प्रेमानं परत पाठवा. विडी वळणाऱ्या आयाबायांकडे गेलात तर रक्ताची मागणी करू नका. त्यांच्यातल्या अनेकींचं हिमोग्लोबिन कमी असतं. रक्तकेंद्राला विचारून त्या दिवशी त्यांच्या हिमोग्लोबिन तपासणीची सोय झाली तर पाहा, आणि कमी निघालं तर त्यांना दवाखान्यात जायला सांगा. त्या घरातला मुलगा पुढच्या वेळी स्वतः येईल.

शिबिराच्या दिवशी मी प्रत्येक दात्यामागे एक खेळाडू ठेवते. दारापासून चहापर्यंत तोच सोबत. तो विचारतो, 'काही खाल्लंय का?' खाल्लं नसेल तर केळं, पोहे समोर ठेवतो आणि अर्धा तास बसवतो. तपासणीला जाण्याआधी दोन मोठे ग्लास पाणी पाजतो. पहिल्यांदा देणारी तरुण मुलं, त्यातही कमी वजनाची, चक्कर येऊन पडण्याची शक्यता जास्त असते. भीती, रिकामं पोट आणि कमी पाणी ही त्याची नेहमीची कारणं. खाटेवर असताना मांड्या आणि पोटऱ्या आवळायच्या, सोडायच्या, पुन्हा आवळायच्या, यानं रक्तदाब टिकतो. हे शिकवायला खेळाडूइतकं चांगलं कोण? सोबतचा खेळाडू दात्याशी बोलत राहतो आणि चेहरा बघत राहतो. ओठ पांढरे पडले, घाम फुटला, जांभया यायला लागल्या की ताबडतोब परिचारिकेला हाक. स्वतः उपचार करायचा नाही.

रक्त दिल्यावर पंधरा-वीस मिनिटं बसवून ठेवणं हे सगळ्यात अवघड काम, कारण बरं वाटत असतं. काही वर्षांपूर्वी लांब पल्ल्याचा एक धावपटू रक्त देऊन उठला, 'मला काही होत नाही' म्हणाला आणि जिन्यावर कोसळला. कपाळाला तीन टाके पडले. तेव्हापासून मी जिन्याच्या तोंडाशी एक उंचापुरा मुलगा उभा करते. त्याचं काम एकच, वेळेआधी कुणाला खाली न सोडणं. २४ तास जोराचा व्यायाम नाही, जड उचलणं नाही, हेही तोच सांगतो. आणि खेळाडूनं रक्त देताना ज्या हातानं फेकतो किंवा रॅकेट धरतो तो हात देऊ नये. सुईच्या जागी कधी कधी काळंनिळं होतं, तो हात आठवडाभर दुखू शकतो.

एक जागा मात्र तुम्ही मोकळी सोडायची: प्रश्नावली भरण्याची आणि डॉक्टरांच्या तपासणीची. तिथे एकही खेळाडू उभा राहणार नाही, ओळखीचा तर नाहीच. आणि ज्याला थांबवलं त्याच्याबद्दल 'रिजेक्ट झाला' हा शब्द कुणी उच्चारायचा नाही. एका शिबिरात हिमोग्लोबिन कमी निघालेल्या मुलीला तिच्याच संघातल्या मुलांनी चिडवलं. ती पुढे कधी शिबिरात आली नाही, आणि मला वाटतं, तिनं त्या कमी हिमोग्लोबिनवर उपचारही घेतले नसतील. आम्ही म्हणतो, 'आज नाही.' आज नाही म्हटलेल्यालाही तोच चहा, तोच लाडू, आणि सोबतचा खेळाडू फाटकापर्यंत.

आणखी एक, खास तुमच्या संघातल्या मुलींसाठी. ३५० मिली रक्तासोबत शरीरातलं साधारण दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास लोह जातं. हिमोग्लोबिन १२.५ च्या वर आहे म्हणून लोहाचा साठाही भरलेला आहे असं नसतं. म्हणून रक्त देणाऱ्या मुलीनं नंतरचे दोन महिने बाजरीची भाकरी, पालेभाज्या, डाळी, खात असेल तर अंडी-मटण, सोबत लिंबू किंवा आवळा, आणि जेवणानंतर लगेच चहा नाही, एवढं सांभाळावं. लोहाच्या गोळ्या स्वतःच्या मनानं न घेता डॉक्टरांना विचारून घ्याव्यात. पुरुषांना दोन रक्तदानांत ९० दिवसांचं आणि स्त्रियांना १२० दिवसांचं अंतर ठेवावं लागतं, तेही याच कारणानं.

तर सरांशी बोलताना क्रम असा ठेवा: आधी स्पर्धा आणि तांबड्या पेशींचं गणित, मग ४२ दिवसांचं, मग मे महिन्याचं. सर प्रशिक्षक आहेत, त्यांना वेळापत्रकाची भाषा लगेच कळेल. १२ जानेवारीला १२० नावं जमवून दाखवलीत, तर १०० बाटल्यांचा विषय ते स्वतःच बाजूला ठेवतील असं मला वाटतं.

शिबिर झाल्यावर दुसऱ्या दिवशी प्रत्येक खेळाडूनं आपल्या तीन-चार दात्यांना फोन करायचा. बरं आहे का, हात दुखतोय का, चक्कर आली का, एवढंच विचारायचं. कुणी त्रास सांगितला तर त्याच दिवशी रक्तकेंद्राला कळवायचं. मग वहीत त्या नावापुढे ९० किंवा १२० दिवसांनंतरची तारीख लिहायची आणि वही पुढच्या वर्षीच्या कर्णधाराच्या हातात द्यायची. मेमध्ये रक्त दिलेले पुरुष ऑगस्टमध्ये पुन्हा देऊ शकतात, आणि पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण वाढले की प्लेटलेटसाठी आम्ही तेव्हाही माणसं शोधत असतो.